बिननावाच्या डासाचा माग : सर रोनाल्ड रॉस

हिवताप डासांमार्फत पसरतो, हे सिद्ध करणाऱ्या शास्त्रज्ञाला आपण कोणता डास तपासत आहोत, हेच ठाऊक नव्हते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या उणिवेची किंमत आजही संपलेली नाही.

दरवर्षी २० ऑगस्टला जगभर डास दिन पाळला जातो. हा दिवस कुणाच्या जन्माचा नाही की मृत्यूचा नाही. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादच्या एका लहानशा खोलीत चाळीस वर्षांच्या लष्करी डॉक्टरने एका डासाचे पोट फाडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याला काही काळसर ठिपक्यांच्या गोल पेशी दिसल्या. हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा होता. या शोधाबद्दल सर रोनाल्ड रॉस यांना १९०२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिंदुस्थानच्या भूमीवर झालेल्या संशोधनाला मिळालेला हा पहिला नोबेल सन्मान.

शालेय पुस्तकांतून आपल्याला माहीत असलेली कथा साधारण इथे संपते. तिच्यातला एक महत्त्वाचा तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. ज्या डासाच्या पोटात रॉस यांना हे जंतू सापडले, त्या डासाचे नाव त्यांना सांगता आले नव्हते. हिंदुस्थानातील डासांची ओळख पटवून देणारे एकही सुटसुटीत पुस्तक तेव्हा उपलब्ध नव्हते आणि सल्ला घ्यावा असा डासांचा जाणकारही हाताशी नव्हता. रॉस यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे यश आणि सर्वांत कडवट वाद या दोहोंच्या मुळाशी ही एकच उणीव आहे.

मनाविरुद्धचे डॉक्टर

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. मीरतची ठिणगी पडून तीनच दिवस झाले होते. वडील कॅम्पबेल रॉस हे हिंदुस्थानी लष्करात अधिकारी होते. दहा भावंडांत थोरल्या असलेल्या रोनाल्ड यांना आठव्या वर्षी शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. त्यांचा ओढा चित्रकला, संगीत, काव्य आणि गणित यांकडे होता. वडिलांची इच्छा मात्र मुलाने वैद्यक शिकून हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत यावे अशी होती. १८७४ मध्ये त्यांना लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या महाविद्यालयात दाखल करण्यात आले. अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. एका परीक्षेत अपयश आले, तेव्हा काही काळ त्यांनी अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून नोकरी केली. अखेर १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये रुजू झाले.

पुढील तेरा वर्षे मद्रास, बंगलोर, ब्रह्मदेश, अंदमान अशा बदल्यांत गेली. लष्करी डॉक्टरला काम बेताचे असे आणि फावला वेळ भरपूर. रॉस यांनी तो कविता, कादंबऱ्या आणि गणितात घालवला. कीटकांशी त्यांचा पहिला लक्षात राहण्याजोगा संबंध आला तो १८८३ मध्ये, बंगलोरला. बंगल्यात डासांचा उच्छाद होता. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना त्यांना दिसल्या. त्यांनी पिंप पालथे केले आणि डास कमी झाले. छावणीतील इतर पिंपेही रिकामी करावीत, ही त्यांची सूचना मात्र वरिष्ठ अधिकाऱ्याने धुडकावून लावली. निसर्गाने डास निर्माण केले आहेत तर त्यामागे काही हेतू असणारच, असा त्या अधिकाऱ्याचा युक्तिवाद होता.

मुंबईच्या धक्क्यावरून थेट रुग्णालयात

फ्रेंच लष्करी डॉक्टर आल्फाँस लॅव्हराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात जंतू पाहिले होते. रॉस यांचा प्रथम त्यावर विश्वास बसला नव्हता. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले असता पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना हे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले आणि रॉस यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमध्ये हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत डासाच्या शरीरात वाढताना पाहिले होते. हिवतापाचेही तसेच असावे, असा त्यांचा तर्क होता. मात्र डास पाण्यावर मरून पडतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला रोग होतो, अशी त्यांची समजूत होती.

मार्च १८९५ मध्ये रॉस हिंदुस्थानाकडे निघाले. मुंबईच्या बंदरात उतरल्यावर सामान जकातीतून सुटण्याचीही वाट न पाहता ते हिवतापाच्या रुग्णांच्या शोधात सरकारी रुग्णालयात गेले आणि रक्ताचे नमुने तपासू लागले. तेथून ते सिकंदराबादला आपल्या पलटणीत दाखल झाले.

चुकीच्या डासांचा ससेमिरा

काम साधे वाटत होते. हिवतापाच्या रुग्णाला डास चावू द्यायचे, नंतर त्या डासांची चिरफाड करायची आणि जंतूंचे पुढे काय होते ते पाहायचे. रॉस यांनी बाटल्यांमध्ये अळ्या वाढवल्या, डास रुग्णांच्या मच्छरदाणीत सोडले, शेकडो डास तपासले. मॅन्सन यांच्या तर्कानुसार डास मेलेले पाणी काही स्वयंसेवकांना पाजून पाहिले. एकाला किरकोळ ताप आला, पण तो हिवताप नव्हता. आजच्या संशोधनाच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही, हेही नमूद केले पाहिजे. डासांच्या पोटात जंतू थोडा वेळ दिसत आणि नाहीसे होत. पुढे काहीच घडत नसे.

घडणार तरी कसे? रॉस ज्यांना राखाडी आणि पट्टेदार डास म्हणत, ते आजच्या भाषेत क्युलेक्स आणि एडिस या गटांतले होते. माणसाच्या हिवतापाचे जंतू त्यांच्या शरीरात वाढूच शकत नाहीत. हा भार वाहतात ते केवळ अ‍ॅनॉफिलीस गटातले डास, आणि त्यांतीलही मोजक्याच जाती. डासांना नावे देण्याचे काम युरोपात अठराव्या शतकातच सुरू झाले होते. अ‍ॅनॉफिलीस हा गट १८१८ मध्येच वेगळा नोंदला गेला होता. पण सिकंदराबादच्या छावणीतील डॉक्टरच्या हाती या ज्ञानाचा मागमूस नव्हता. रंग, ठिपके आणि पट्टे पाहून त्यांनी स्वतःच डासांना टोपणनावे दिली आणि त्यांवर काम भागवले.

हिंदुस्थानात कीटकांचा अभ्यास होत नव्हता असे मात्र नाही. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील सरकारी ग्रंथमालेत पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात, म्हणजे रॉस अंधारात चाचपडत असतानाच, प्रसिद्ध झाले. डासांवरचे खंड त्याच मालेत येण्यास १९३३-३४ साल उजाडावे लागले. फुलपाखरे, पतंग आणि भुंगेरे जमवण्याचा छंद अनेक साहेबांना होता. अंगावर बसताच चिरडल्या जाणाऱ्या डासाचा संग्रह करावा, असे फारसे कुणाला वाटले नाही.

सप्टेंबर १८९५ मध्ये पटकीच्या साथीसाठी रॉस यांना बंगलोरला पाठवण्यात आले आणि दीड वर्ष बहुतांशी त्यातच गेले. १८९७ च्या वसंतात उटीजवळच्या सिगूर घाटात त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. तिथे एका भिंतीवर त्यांना एक वेगळाच डास दिसला. त्याच्या पंखांवर ठिपके होते आणि शेपूट उंचावून तो तिरका बसला होता. नेहमीच्या डासांची बसण्याची ढब अशी नसते. रॉस यांनी ही नोंद मनाशी ठेवली.

सिकंदराबादची ती दुपार

जून १८९७ मध्ये ते सिकंदराबादला परतले. तो मोसम विलक्षण उकाड्याचा होता. कपाळावरच्या आणि हातांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि नेत्रभिंगाला तडा गेला होता. झुलता पंखा लावण्याची सोय नव्हती, कारण त्याच्या वाऱ्याने चिरफाड केलेले डास उडून जात. डोळ्यांवर बसणाऱ्या चिलटांचा त्रास वेगळाच.

ऑगस्टच्या मध्यास त्यांच्या माणसांनी आणलेल्या अळ्यांतून ठिपकेदार पंखांचे काही तपकिरी डास बाहेर पडले. हिवतापाने आजारी असलेला हुसेन खान हा रुग्ण डासामागे एक आणा घेऊन ते अंगावर चावून घेण्यास तयार झाला. १६ ऑगस्टला डासांनी त्याचे रक्त शोषले. पुढील दिवसांत काही डास मेले, काही तपासणीत संपले. २० तारखेला दुपारी रॉस थकलेल्या डोळ्यांनी उरलेल्यांपैकी एक तपासत होते. पोटाच्या आवरणात त्यांना काही गोल पेशी आढळल्या. त्यांत हिवतापाच्या जंतूंमध्ये असतात तसेच काळे कण होते. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास तपासला, तर त्यातील पेशी आणखी मोठ्या झालेल्या होत्या. जंतू वाढत होता. त्या दिवसांत रॉस यांनी या शोधावर एक कविताही लिहिली आणि ती पुढे प्रसिद्ध झाली.

ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या १८ डिसेंबर १८९७ च्या अंकात त्यांचा निबंध आला. त्यात डासाचे वर्णन होते, अंड्यांचा आकार होता, पंखांवरचे ठिपके होते. जातीचे नाव नव्हते.

बदली, चिमण्या आणि लाळ

यशाच्या या टप्प्यावर सरकारी खाक्याप्रमाणे बदलीचा हुकूम आला. सप्टेंबरमध्ये त्यांना आधी मुंबईस आणि तेथून राजपुतान्यातील खेरवाडा येथे धाडण्यात आले. तिथे हिवताप जवळजवळ नव्हताच. मॅन्सन यांनी लंडनमध्ये खटपट केल्यानंतर १८९८ च्या आरंभी रॉस यांना खास संशोधनासाठी कलकत्त्याला नेमण्यात आले.

तिथे नवी अडचण उभी राहिली. प्लेगच्या लशीविषयी शहरात भयाचे वातावरण होते. साहेब सुई टोचतो म्हटल्यावर रक्ताचा थेंब द्यायलाही कुणी पुढे येईना. रॉस यांनी मग माणसांना सोडून पक्ष्यांच्या हिवतापाकडे मोर्चा वळवला. महंमद बक्ष हा त्यांचा मदतनीस डास आणि पक्षी सांभाळत असे. इथे नशिबाने हात दिला. माणसाच्या हिवतापाबाबत निरुपयोगी ठरलेला तोच राखाडी डास पक्ष्यांच्या हिवतापाचा वाहक निघाला. जुलै १८९८ मध्ये रॉस यांना जंतू डासाच्या लाळग्रंथीत पोहोचलेले दिसले आणि अशा डासांच्या चाव्याने निरोगी चिमण्या आजारी पडल्या. रोग पाण्यातून नव्हे, चाव्यातून जातो, हे आता निर्विवाद झाले. महिनाअखेरीस एडिंबरो येथील वैद्यकीय परिषदेत मॅन्सन यांनी ही वार्ता जाहीर केली.

ज्याला नाव ठाऊक होते तो

माणसाच्या हिवतापाचा नेमका वाहक सांगणे अजून बाकी होते. ते काम त्याच वर्षाच्या अखेरीस रोममध्ये झाले. जोव्हानी बत्तिस्ता ग्रासी हे प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या देशात एउजेनिओ फिकाल्बी यांनी डासांच्या वर्गीकरणाचे काम आधीच केले होते. ग्रासी यांनी हिवतापाची गावे आणि हिवताप नसलेली गावे यांतील डासांची जातवार तुलना केली आणि अ‍ॅनॉफिलीसवर बोट ठेवले. मग बिग्नामी आणि बास्तिआनेल्ली यांच्या साथीने प्रयोग करून ते सिद्धही केले. रॉस यांना जिथे दोन वर्षांहून अधिक काळ लागला, तिथे ग्रासी काही महिन्यांत पोहोचले. त्यांना रॉस यांच्या निष्कर्षांचा आधार होता, पण त्याचबरोबर डासांची ओळख होती.

श्रेयावरून दोघांमध्ये जो कलह पेटला, तो विज्ञानाच्या इतिहासातील कटू वादांपैकी एक आहे. रॉस यांनी ग्रासी यांच्यावर चौर्याचा आरोप केला आणि तो आयुष्यभर मागे घेतला नाही. नोबेल एकट्या रॉस यांना मिळाले. आज निवाडा करायचा तर मार्ग रॉस यांनी दाखवला आणि वाहकाचे नाव ग्रासी यांनी सांगितले, असे म्हणावे लागेल.

स्वतःची उणीव रॉस यांना कळली असावी. १८९९ मध्ये नोकरी सोडून ते लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत अध्यापक झाले आणि त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या मोहिमेवर गेले. त्या तुकडीत ब्रिटिश म्युझियमचे कीटकतज्ज्ञ अर्नेस्ट ऑस्टिन यांचा समावेश होता. काही आठवड्यांतच त्यांनी तेथील अ‍ॅनॉफिलीसमध्ये माणसाच्या हिवतापाचे जंतू शोधून काढले.

अचलपूरचा डास

रॉस गेल्यानंतर हिंदुस्थानात डासांना नावे मिळू लागली. इंडियन मेडिकल सर्व्हिसचेच अधिकारी जॉर्ज जाइल्स यांनी १९०० मध्ये डासांवरचे पहिले हस्तपुस्तक काढले. कॅप्टन ग्लेन लिस्टन हे वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील अचलपूर येथे होते. तिथल्या डासांचे वर्षभर निरीक्षण करून त्यांनी १९०१ मध्ये एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचे नाव अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी. १९०४ मध्ये जेम्स आणि लिस्टन यांचा हिंदुस्थानातील अ‍ॅनॉफिलीसवरचा ग्रंथ आला. रॉस यांना १८९५ मध्ये जे पुस्तक हवे होते, ते हेच.

नाव कळल्याने काय साधते, हे मुंबईने लवकरच पाहिले. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा अहवाल दिला. शहरातील हिवताप पसरवणारा डास स्टीफेन्सी आहे आणि तो गटारांत नव्हे, तर स्वच्छ पाण्याच्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, असे त्यांनी दाखवले. म्हणजे गटारे कितीही साफ केली तरी हिवताप हटणार नव्हता. विहिरी झाकण्याच्या मोहिमेला धार्मिक भावनांमुळे विरोध झाला, पण उपाय तोच होता. इमारतींच्या गच्चीवरील टाक्या झाकल्या आहेत की नाहीत, हे पाहायला महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी आजही जिने चढतात, त्याचे मूळ या अहवालात आहे.

गणित आणि अखेरची वर्षे

उत्तरायुष्यात रॉस यांचे जुने प्रेम, गणित, कामी आले. डास समूळ नष्ट करणे अशक्य असल्याने हिवताप हटवता येणार नाही, असे टीकाकार म्हणत. डासांची संख्या एका विशिष्ट मर्यादेखाली आणली तरी रोग आपोआप मावळतो, हे रॉस यांनी समीकरणांनी मांडले. १९१० मधील त्यांच्या ग्रंथातील हा विचार साथरोगांच्या आजच्या गणिताचा पाया मानला जातो. सुएझ कालव्यावरील इस्माइलिया, मॉरिशस अशा ठिकाणी त्यांनी हिवताप निर्मूलनासाठी सल्ला दिला. १९११ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि १९२६ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. तरीही देशाने आपल्या कामाचे मोल केले नाही, ही खंत त्यांना अखेरपर्यंत होती. जानेवारी १९२७ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या प्रयोगशाळेच्या आवारात स्मारकाचे अनावरण झाले, तेव्हा ते स्वतः उपस्थित होते. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. हुसेन खान आणि महंमद बक्ष यांच्या वाट्याला काय आले, याची दखल इतिहासाने फारशी घेतली नाही.

उरलेला धडा

रॉस यांचा प्रश्न आता सुटला आहे, असे समजणे धाडसाचे ठरेल. भारतात डासांच्याच सुमारे ४०० जाती आहेत. हिवतापाचा मुख्य भार त्यांतील सहाच उचलतात आणि प्रत्येकीचे घर निराळे आहे. कालव्याकाठची एक, शहरी टाक्यांतली दुसरी, डोंगरी ओढ्यांतली तिसरी, खाऱ्या पाण्यातली चौथी, आणि ईशान्येच्या झऱ्यांतली व जंगलांतली उरलेल्या दोन. खेड्यांत हिवताप पसरवणारी क्युलिसिफेसीस ही जात प्रत्यक्षात दिसायला हुबेहूब सारख्या पाच जातींचा समूह आहे, हे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कळले. त्यांतील एक बहुधा गुरांनाच चावते आणि हिवताप क्वचितच पसरवते. फवारणी कुठे करायची आणि कुठे नाही, हे या बारकाव्यांवर ठरते. १९५३ नंतरच्या फवारणी मोहिमांनी देशातील हिवतापाचे रुग्ण कोट्यवधींवरून सुमारे एक लाखावर आणले. १९७६ मध्ये हा आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. डीडीटीला दाद न देणारे डास हे त्याचे एक कारण होते.

हे सारे ओळखायचे तर डास हातात धरून पाहणारा माणूस लागतो. देशात कीटकांच्या साठ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि अनेक जाती नोंदीविनाच आहेत. वसाहतकाळात वर्णन झालेल्या कित्येक जातींचे मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत आणि त्यांच्याशी ताडून पाहणे इथल्या अभ्यासकाला सोपे नाही. वर्गीकरणाच्या कामाला ना झटपट कीर्ती ना मोठे अनुदान, त्यामुळे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी रेणूजीवशास्त्राकडे वळतात. जनुकांवरून जात ओळखण्याचे तंत्र आले आहे, पण ताडून पाहण्यासाठी आधी कुणीतरी अचूक ओळखलेला नमुना असावाच लागतो.

अचलपूरला नाव मिळालेल्या त्या स्टीफेन्सी डासाची कथाही पुढे सरकली आहे. दक्षिण आशिया आणि अरबस्तानच्या परिसरात राहणारा हा डास २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबूतीला आढळला. नंतर इथिओपिया, सुदान असे देश त्याने गाठले. तेथील हिवताप प्रामुख्याने ग्रामीण होता. टाक्यांत वाढणारा हा पाहुणा तो शहरांत नेईल, या भीतीने जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये विशेष मोहीम हाती घेतली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हा डास उतरला तेव्हा तो परका आहे हे ओळखता आले, कारण सव्वाशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एका डॉक्टरने वर्षभर डासांकडे लक्षपूर्वक पाहिले होते आणि जे पाहिले ते लिहून ठेवले होते. रॉस यांना १८९५ मध्ये असे कुणी लाभले नव्हते. २०३० पर्यंत हिवतापमुक्त होण्याचे उद्दिष्ट भारताने ठेवले आहे. त्या वाटेवर औषधे आणि फवारे यांइतकीच गरज डासांची नावे जाणणाऱ्या माणसांची आहे.